शिव्यांची सोयरीक

किट्वे
१२ ऑगस्ट १९७३

ए सुकटे,

तुझं जुलैचं पत्र परवा वाघेला शिंप्याच्या दुकानात मिळालं. "मेल्या, तुझं मढं त्या खाणीतच बसवलं" अशी सुरुवात वाचून मी दुकानातच हसत सुटलो. वाघेलाला वाचून दाखवलं तर तो घाबरला. हिंदुस्थानातून इकडे आलेला माणूस, त्याला काय कळणार. म्हणाला, "ही बाई तुझी वैरीण आहे का?" त्याला समजावून सांगितलं, की बाबा रे, मी मगरीच्या कुळातला, ती माशाच्या कुळातली. आमच्याकडे मगरीनं माशाला आणि माशानं मगरीला तोंडाला येईल ते बोलायचं, आणि कुणी राग मानायचा नाही, अशी वाडवडिलांची रीत आहे. राग मानला त्यानं कोंबडी द्यायची. आणि तिच्या कुळात कुणी मेलं की खड्डा आम्ही खणायचा, आमच्यात मेलं की त्यांनी. वाघेला म्हणाला, "म्हणजे शिव्या देणार तीच माती देणार." म्हटलं, अगदी बरोबर बोललास.

तुझी आई खोकते आहे असं लिहिलंस. म्हातारीला सांग, घाई करू नको, या महिन्यात मला रजा नाही. गेलीच तर मी खड्ड्यात उतरून बसेन आणि काळी कोंबडी हातात पडल्याशिवाय वर येणार नाही. तुझ्या भावाच्या, काबासोच्या वेळी आमच्या कुळाची कोंबडी बुडाली. मोठ्या पाण्यात होडी उलटली, काबासोला पाण्यानं गिळलं, पुरायला मढंच नाही. तुम्ही नुसतेच रडलात, आम्ही नुसतेच उपाशी राहिलो. अकरा वर्षं झाली, पण भूक अजून आहे.

येणाऱ्याबरोबर सुकी मासळी पाठव. पाठवताना तिच्यात स्वतः बसू नकोस, ओळखू येणार नाहीस. माझ्या आईला सांग, तुझं पोर धडधाकट आहे.

तुला भाजून खाणारा,
साम्पा

*

काशितू बेट
३ सप्टेंबर १९७३

मुडद्या,

अजून धडधाकट आहेस हे वाचून वाईट वाटलं. तुझ्या आईला निरोप दिला. ती म्हणाली, अकरा वर्षांत एकदा तोंड दाखवलं नाही, त्याची तब्येत मला कशाला सांगतेस. मग मागच्या दारी जाऊन डोळे पुसून आली. तिच्या सरपणाचं मी बघते, तू काळजी करू नकोस. तू कधी केलीस म्हणा.

इकडे पाणी कधी नव्हे इतकं उतरलंय. आपलं बांग्वेउलू तळं म्हणजे ताटात ओतलेलं पाणी, बोटभर कमी झालं की कोसभर मागे जातं. यंदा तर हातभर उतरलं. ज्या गल्ल्यांतून आपण होड्या लोटायचो तिथून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चालत जातात. मासे धरायच्या बांधांची तोंडं कोरडी पडली, टोपल्या लावायच्या कुठं? मांगूर चिखलात तोंड खुपसून बसलेत, ते काठीनं खणून काढायचे. लेच्वे हरणं पोटापर्यंत पाण्यात उभी असायची, ती आता धूळ उडवत पळतात. सुखात आहे तो फक्त चपलेसारख्या चोचीचा करडा पक्षी. एका डबक्याशी दिवसभर उभा असतो, पापणी हलवत नाही, आणि आलेला मासा सोडत नाही. मला हल्ली तो फार आवडायला लागलाय.

आता कामाचं. माझ्या लेकीला मुलगा झाला ते तुला कळवलंच होतं. सहा महिन्यांचा झाला, अजून बिननावाचा आहे. काबासोचं नाव त्याला द्यायचं सगळ्यांच्या मनात आहे, पण आई अडून बसली आहे. ज्याची माती मी हातात घेतली नाही त्याचं नाव मी कुणाला देणार नाही, म्हणते. तिचा खोकला बरा होणार नाही, हे तिला ठाऊक आहे, मलाही आहे. ती गेली तर नाव द्यायला दुसरं कुणी नाही, आणि पोर जन्मभर "ए" म्हणूनच राहील.

शेवटी मी तोड काढली. म्हटलं, मढं नाही तर नाही, त्याचं शेवटचं जेवण जिथं झालं तिथली मूठभर माती आणते. ती पुरू. आई तयार झाली. त्याला खाणीत नोकरी लागली होती, तिकडची लॉरी गाठायची म्हणून तुम्ही दोघं निघालात, पण आधी हरण मारायला वळलात, आणि जेवलात ते पाण्यातल्या त्या टकल्या वारुळावरच ना? त्यापलीकडे तू होडी लोटली असशील हे खुद्द तुझी आईसुद्धा मानणार नाही. होडीत पोत्यासारखा बसायचास आणि काठी काबासो मारायचा. तर मी टकल्या वारुळाची माती आणते आहे. पाणी चढायच्या आत आणायला हवी.

आणि नेहमीचं मागणं विसरू नकोस. मगरी, माझ्या भावाची हाडं थुंक.

तुझ्या घशात अडकणारी,
चिलेक्वा

*

किट्वे
२० सप्टेंबर १९७३

ए खवल्यांचे,

टकलं वारूळ म्हणे. अगं, टकल्या वारुळाला तर आम्ही दुपारीच मागं टाकलं. आणि काठी कुणाच्या हातात होती माहीत आहे? माझ्या. वारा तोंडावर, पाणी डोक्याच्या वर, लव्हाळ्याच्या तीन गल्ल्या तुडवत मी एकट्यानं होडी उंबराच्या वारुळापर्यंत नेली, तीही दिवस मावळायच्या आत. तुझा तो काठीबहाद्दर भाऊ मागे पाय मांडीवर घेऊन राजासारखा बसला होता, त्यानं एक काठी मारली नाही. आता जाऊन सांग माझ्या आईला, पोतं कोण होतं ते.

तेव्हा माती न्यायची तर उंबराच्या वारुळाची ने. टकल्याची नेलीस तर तुझी आई भलत्याच माणसाच्या खरकट्यावर रडेल.

हाडांचं विचारशील तर अजून चघळतो आहे. चव बरी आहे, पण मासा तो मासाच, काटे फार.

मासळी अजून आली नाही. बाळाला माझा मुका दे. म्हणावं, मोठा झालास की तुलाही खाईन.

साम्पा

*

काशितू बेट
७ ऑक्टोबर १९७३

साम्पा मेल्या,

तुझ्या फुशारकीबद्दल तुझी आरती ओवाळायला हवी. कारण ऐक.

मोठं पाणी आपल्या बेटाच्या मावळतीला. साम्फ्या गाव तिकडेच, लॉऱ्यांचा रस्ताही तिकडेच. उंबराचं वारूळ उगवतीला, लव्हाळ्याच्या पोटात. बासष्ट साली खाणीतून तुझं पत्र आलं त्यात काय होतं? टकल्या वारुळाच्या बाजूला हरण मिळालं नाही, तसेच मावळतीला वळलो, मोठ्या पाण्यात होडी उलटली, मी पोहून काठाला लागलो, काबासो बुडाला, मला त्याच्या आईला तोंड दाखवायचा धीर झाला नाही म्हणून लॉरीत बसलो. ते पत्र माझ्याकडे आहे. त्यात उंबराचं वारूळ कुठंच नाही.

आता दुसरं. ऑगस्टात पाणी हटलं तसं साम्फ्याच्या अलीकडचं लव्हाळं वाळलं. रस्त्यापासून हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर त्यात एक होडी निघाली. माझ्या मामानं कोरलेली. मी लहान असताना विळ्यानं तिच्या नाकावर मासा काढला होता आणि मार खाल्ला होता, तो मासा अजून आहे. होडी पालथी नव्हती, कलंडलेली नव्हती, फुटलेली नव्हती. तारेनं बांधलेली होती, शेजारी काठी रोवलेली होती. उलटलेली होडी स्वतः काठाला येते आणि स्वतःला गाठ मारून घेते काय रे?

म्हणजे तू खोटं बोललास हे मला ऑगस्टापासून ठाऊक आहे. फक्त त्याला कुठं सोडलंस ते हवं होतं. तू सरळ विचारलं तर सांगणारा नाहीस, पण मी एक म्हटलं की तू दुसरं म्हणणार, ही आपली लहानपणापासूनची खोड. म्हणून टकलं वारूळ म्हटलं.

साम्पा, ही चेष्टा नाही. मी उंबराच्या वारुळाला निघाले आहे. तिथं काय सापडेल ते सापडेल. त्याच्या आधी तू स्वतः खरं सांगितलंस तर तुझं थोडं तरी राहील. नाहीतर मी तुझा सूड घेणार, हे लिहून ठेव.

चिलेक्वा

*

किट्वे
२१ ऑक्टोबर १९७३

अगं सुकटे,

काय पत्र आहे. वाघेलाला वाचून दाखवायचा धीर झाला नाही, तो पोलिसांना बोलावेल. "ही चेष्टा नाही" म्हणे. साठ साली माझ्या मामाच्या मयताला तू छाती बडवत भर गर्दीत काय ओरडली होतीस? "चेष्टा नाही हो, या भाच्यानंच मामाला विष घातलं, याच्या नखात बघा." माझी आई रडता रडता हसून लोळली होती. तू "चेष्टा नाही" म्हटलंस की मला कळतं, बाई आज रंगात आली आहे.

हो, हो, खाल्ला तुझा भाऊ. मीठ लावून खाल्ला. झालं समाधान?

ती होडी दुसऱ्या कुणाची असेल. नाकावर मासा तर तुमच्या कुळातलं प्रत्येक शेंबडं पोर काढतं. मी अकरा वर्षांपूर्वीचं काय लिहिलं आणि आता काय लिहिलं, मला तरी कुठं आठवतं. खाणीत माणसाचं डोकं धुरकट होतं. वारूळ उंबराचं असेल, चिंचेचं असेल.

होडी कुणाला दाखवलीस का? माझ्या आईला दाखवू नकोस. तिला हल्ली चेष्टा सोसत नसेल. आणि उंबराच्या वारुळाला जाऊ नकोस, विषारी जाड्या सापांची जागा आहे ती. बाळाला घेऊन तर मुळीच नको.

मी कोंबडी हरलो असं समज. नाताळात एक सोडून दोन पाठवतो. पण आता हा विषय पुरे.

तुझीच मगर,
साम्पा

*

काशितू बेट
९ नोव्हेंबर १९७३

साम्पा,

तुझं पत्र यायच्या आत मी आणि जावई जाऊन आलो. दीड दिवस चाललो. जिथं एरवी होडी घुसत नाही, तिथं वाळलेलं लव्हाळं मोडत गेलो. उंबर उभं आहे. वारुळावर दुसरं काही नाही, माणूस आडवा होईल एवढी जागा.

तो खोडाला टेकून होता. आईनं दिलेलं पितळी कडं दंडाला होतं, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही. टिनाचा मग होता. चाकू होता. माशांचे काटे होते, जवळच्या पाण्यातले मासे हातानं पकडले असतील.

आणि उंबराच्या सालीवर खाचा होत्या. साल भरून आली आहे, तरी दिसतात. नऊ. पहिल्या तीन माझ्या कपाळाएवढ्या उंच, सरळ, ठसठशीत. म्हणजे उभं राहून मारलेल्या. मग छातीएवढ्या. मग कमरेएवढ्या. आठवी बसून मारलेली आहे. नववी नुसता ओरखडा. मी प्रत्येकीत बोट घालून पाहिलं.

नऊ दिवस तो तिथं होता. नऊ दिवस वाट बघत होता, आणि कुणाची बघत होता ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. आम्ही बेटावर होतो. कुणी येऊन एक शब्द सांगितला असता तर मी पोहत गेले असते. नवव्या दिवशी तू काय जेवलास?

मी तुला शिवी द्यायला बसले आणि शिवी सापडेना. मेल्या, मुडद्या, मगरी, सगळ्या मी इतकी वर्षं हसत हसत तुला देऊन टाकल्या. भाऊ मारणाऱ्याला द्यायला माझ्या तोंडात एक शब्द उरला नाही. याचासुद्धा मला तुझा राग आहे. "माझ्या भावाची हाडं थुंक" असं मी अकरा वर्षं प्रत्येक पत्रात लिहीत होते, आणि तू ते वाचून हसत होतास. हसू कसं येत होतं रे तुला?

जावई म्हणतो पोलिसांकडे जाऊ. मी त्याला थांबवलं आहे. तुरुंगात तुला दोन वेळ मक्याच्या पिठाची उब्वाली मिळेल, पाठ टेकायला भिंत मिळेल. मला तुझं त्याहून वाईट व्हायला हवं आहे. मी वाईट बाई आहे असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे.

हाडं घरी आणली आहेत. आई त्यांच्याजवळून हलत नाही. पण अजून पुरू देत नाही. विचारते, तो तिथं कसा राहिला, ते कळलं पाहिजे. ज्याचं मरण अर्धवट ठाऊक आहे त्याचं नाव बाळाला देऊन ते अर्धवटपण त्याच्या गळ्यात का बांधायचं, म्हणते. तिला आता बसवत नाही, आडवी पडून विचारते. तेव्हा सगळं लिही. काहीही गाळू नकोस. उत्तर आलं नाही तर मी त्या शिंप्याच्या दुकानात येऊन बसेन आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नऊ खाचा सांगेन.

चिलेक्वा

*

किट्वे
२८ डिसेंबर १९७३

चिलेक्वा,

हे पत्र सहा वेळा लिहिलं आणि फाडलं. हे सातवं. आता जसं होईल तसं पाठवतो.

हरणाच्या मागे आम्ही उगवतीला लांब गेलो, तिथं काबासो पाण्यात उतरला आणि गवतात त्याला जाडा साप चावला. पायाच्या घोट्यावर. पाय सुजून मांडीएवढा झाला, म्हणून तो पाय मांडीवर घेऊन बसला होता. जवळ कोरडी जागा फक्त उंबराची. तिथं त्याला उतरवला. तो शुद्धीवर होता. म्हणाला, होडीत दोघांचं वजन झालं तर तुला दोन दिवस जास्त लागतील. तू बेटावर न थांबता एकटा साम्फ्याला जा, दवाखान्यातल्या माणसांना मोटरच्या बोटीनं घेऊन ये. खाणीच्या नोकरीच्या कागदाचा डबा त्यानं माझ्या हातात दिला. म्हणाला, लॉरीवाल्याला हा दाखव आणि सांग, काबासोला साप चावलाय, दोन दिवस थांब. मी रडत होतो. तो मला म्हणाला, "रडतोस काय मगरी, मी तुझ्याआधी मरत नाही, तुझा खड्डा कोण खणणार?" हसत होता. हे खोटं नाही.

दोन दिवस न थांबता होडी लोटली. होडी बांधली आणि रस्त्यावर आलो. लॉरी उभी होती, चालू होती, माणसं चढत होती. मी कागद दाखवला. लॉरीवाल्यानं वाचला आणि म्हणाला, "काबासो? उशीर केलास. चढ." मी काबासो आहे असं मी म्हणालो नाही. मी नाही असंही म्हणालो नाही. दवाखाना रस्त्याच्या पलीकडे होता, त्याचं पत्र्याचं छप्पर मला दिसत होतं. मी चढलो.

वाटलं, पुढच्या गावात उतरू. पुढच्या गावात वाटलं, त्याच्या पुढच्या. मग वाटलं, बांधावरचे लोक त्या बाजूला जातीलच, कुणीतरी बघेल त्याला. मी काही त्याला मारायला निघालो नव्हतो, चिलेक्वा. मी शाळा पुरी केली नव्हती, मला तसा कागद जन्मात मिळाला नसता, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

तेव्हापासून खाणीत माझं नाव काबासो आहे. बिल्ला क्रमांक २२१६. बायको काबासो म्हणते, मुलं शाळेत काबासोची मुलं म्हणून जातात. म्हणून पत्रं शिंप्याच्या दुकानात मागवतो. साम्पा आता कुठंच राहिलेला नाही, फक्त तुझ्या पत्रात आहे आणि तिकडे माझ्या आईच्या तोंडात आहे. खरं सांगतो, तुझ्या शिव्यांची मी महिनाभर वाट बघायचो. "मुडद्या साम्पा" वाचलं की वाटायचं, कुणीतरी मला ओळखतं. तुला हसू येईल, पण त्या शिव्यांवर मी जगलो.

उंबराचं मी फुशारकीत लिहिलं असं मला वाटलं होतं. आता नक्की सांगता येत नाही. पत्र पेटीत टाकल्यावर हात घालून काढायचा प्रयत्न केला, निघालं नाही, आणि बरं वाटलं.

आता तू काय करशील ते कर. येऊन पाया पडायला सांग, येतो. पोलिसांना सांगायचं तर सांग. शिव्या दे, तुला येतील तेवढ्या दे, नव्या शोधून दे. फक्त हे पत्र माझ्या आईला वाचून दाखवू नकोस. तेवढं एक माग म्हटलं तर मागतो.

साम्पा

*

काशितू बेट
२ फेब्रुवारी १९७४

श्रीयुत काबासो, बिल्ला क्रमांक २२१६, किट्वे यांस,

नमस्कार. आपलं पत्र पोचलं. हे उत्तर शिंप्याच्या दुकानाऐवजी खाणीच्या पत्त्यावर पाठवत आहे, कारण तिथं आपल्याला याच नावानं ओळखतात.

आपण लिहिलेलं सर्व आईला वाचून दाखवलं. त्यानंतर आम्ही भावाला पुरलं. आईला चौघांनी उचलून कबरीपाशी नेलं, तिनं स्वतःच्या हातानं माती टाकली आणि बाळाला नाव दिलं. पाच दिवसांनी ती गेली. तिचं झालं ते चांगलं झालं. बाळाचं आपल्याशी नामसाधर्म्य आहे खरं, पण या जगात एका नावाची माणसं बरीच असतात, तेव्हा गैरसमज नसावा.

आपण एक गोष्ट करू नये अशी विनंती केली होती. ती मला मान्य करता आली नाही. आमच्या शेजारी साम्पा नावाच्या माणसाची आई राहते. तिला मी ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. लॉरीचा भाग तिनं पुन्हा वाचायला सांगितला. छपराचा भाग तिसऱ्यांदा वाचायला सांगितला. मग ती बराच वेळ मक्याचे दाणे निवडत बसली. मला वाटलं, आता ती मला घराबाहेर काढील, आणि काढलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं. ती म्हणाली, "चिलेक्वा, तुम्ही माशाच्या कुळातली माणसं. माझ्या मुलाचा खड्डा तुम्हीच खणायचा आहे. कधी खणता?"

चौदा जानेवारीला खणला. पाणी चढू लागलं आहे, म्हणून उंचावरची जागा घेतली. त्यात होडीची काठी ठेवली, कारण साम्पाची म्हणून आमच्याकडे दुसरी वस्तू नव्हती. त्याच्या आईनं डोकं भादरून घेतलं. मगर कुळातली सगळी माणसं आली होती. अशा वेळी आमच्याकडे चेष्टा करायची रीत आहे, खड्ड्यात उतरून बसायचं, कोंबडी मागायची, मेलेल्याला नावं ठेवायची. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. मी काही बोलले नाही. कुणीच बोललं नाही. माती लोटली आणि घरी आलो.

साम्पाचं नाव कुणाला द्यायचं, असं मी त्याच्या आईला विचारलं. ती म्हणाली, कुणालाच नाही. तेव्हा त्याचं पुढे काही उरलेलं नाही. त्याची झोपडी मोडली. म्हातारी आता माझ्या घरी असते, बाळ तिच्याकडेच असतं. मूलबाळ किती, असं कुणी विचारलं तर ती सांगते की एक होता, बासष्ट साली साम्फ्याच्या रस्त्यावर गेला.

पोलिसांकडे आम्ही गेलो नाही आणि जाणारही नाही. तक्रार करायला आपली आणि आमची ओळख नाही. आपण पाया पडायला येऊ असं लिहिलं आहे. यायला कुणाची बंदी नाही. साम्फ्याहून टपालाची बोट दर गुरुवारी सुटते. आपण आलात तर परक्या माणसाला देतात तसं पाणी देऊ, बसायला चटई देऊ आणि कुठून आलात, कुणाकडे आलात, असं विचारू.

आपल्याला इथं कुणी एक शिवीसुद्धा देणार नाही, याबद्दल निश्चिंत असावं. कळावे.

चिलेक्वा